प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर

आमच्या वस्तीवर इंटरनेटला एका मोठ्या कंपनीच्या नावानंच ओळखतात. पाऊस कधी येणार ते तिला विचारायचं, कांद्याचा भाव तिला विचारायचा, आणि फोनला रेंज नसली तरी तीच बंद पडली म्हणायचं. त्यामुळं मी कुठं काम करते हे सांगायची वेळ आली की मला पार पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. इंटरनेटवरची पानं आपण ज्यातून बघतो त्याला ब्राउझर म्हणतात. मोठ्या कंपनीचा एक ब्राउझर आहे, बहुतेकांच्या फोनमध्ये तोच असतो. पण आणखीही आहेत, आणि त्यातला एक आम्ही बनवतो. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, म्हणजे त्याच कंपनीत ना?

मी नाही म्हणायचे, पण म्हणताना जरा अडखळायचे. आमचा ब्राउझर फुकट होता. वापरणारा एक पैसा देत नव्हता. मग आमचे पगार कुठून व्हायचे? आमच्या ब्राउझरमध्ये कुणी काही शोधायला टाईप केलं, तर तो शोध मुकाट्यानं मोठ्या कंपनीकडं जायचा. तशी सोय आम्हीच करून ठेवली होती, आणि त्याबद्दल मोठी कंपनी आम्हाला पैसे द्यायची. आमची जवळजवळ सगळी मिळकत तीच. ज्यांच्या ब्राउझरशी आम्ही दिवसभर झुंजायचो, त्यांच्याच पैशावर आमच्या चुली पेटायच्या. काही वर्षांनी करार संपायचा, तो पुन्हा होईल की नाही या काळजीत सगळ्यांचे चेहरे उतरायचे, मग तो व्हायचा आणि पुढची काही वर्षं कुणी तो विषय काढायचं नाही.

मी मूळची शिरूर गावातली. लग्न होऊन कवठे येमाईच्या शिवारातल्या वस्तीवर आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती, आता कांदा, थोडी डाळिंबं आणि उसाचा एक तुकडा. नवरा रेल्वेत आहे, मालगाडी चालवतो. त्याचं क्वार्टर दौंडला, पण तिथंही तो कमीच सापडायचा. आज सोलापूर, उद्या मनमाड. मुलगी शिकायला पुण्यात, वसतिगृहात. मीही पुण्यातच नोकरी करत होते. सासूबाई गेल्या आणि मामा वस्तीवर एकटे पडले. त्याच सुमाराला कंपनीनं खर्च कमी करायला पुण्याचं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना आपापल्या घरून काम करायला सांगितलं. माझं घर कोणतं, हे तेवढं मला ठरवायचं होतं. मी कवठ्याला आले.

गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथं टेबल टाकलं. माझे सहकारी चार देशांत विखुरलेले. आमची प्रमुख एका थंड देशातली बाई होती. तिच्या मागच्या खिडकीत अर्धं वर्ष बर्फ दिसायचा. दुपारी त्यांची सकाळ व्हायची आणि माझ्या मीटिंगा सुरू व्हायच्या. खाली खुरपणीच्या बाया हसत-बोलत जात, वर मी इंग्रजीत बोलत असे. लॅपटॉप मिटला की एकदम सगळं थांबायचं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, म्हणून दिवस मावळला की कुणी कुणाच्या वस्तीवर जात नाही. मी आणि मामा जेवायचो. मामा कमी बोलणारे. नवऱ्याचा फोन आला तर आला, नाहीतर तो इंजिनात असायचा.

मामांचे डोळे काचबिंदूनं अधू होत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. त्यांना पेपर वाचायची सवय होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या निधनवार्तेपर्यंत. ते बंद पडलं तेव्हा मीच सकाळी त्यांना वाचून दाखवायला लागले. चहा घेत अर्धा-पाऊण तास. मध्येच ते थांबवायचे, एखाद्या गावाचं नाव आलं की तिथं मेंढरं घेऊन बसलो होतो म्हणून सांगायचे, पुढं वाच म्हणायचे. दिवसातलं माझं सगळ्यात मोठं मराठी बोलणं तेच.

एका वर्षी करार संपायला आला आणि तो पुन्हा होईल अशी खात्री कुणालाच वाटेना. मोठ्या कंपनीला आता आमची गरज राहिलेली नाही, अशी कुजबुज होती. वरिष्ठांनी सगळ्यांना सांगितलं की लोक आनंदानं पैसे देतील असं काहीतरी काढा. आपल्याला स्वतःच्या कमाईवर जगायचंय. आमच्या प्रमुख बाईनं हे फार मनावर घेतलं. ती म्हणाली, मी इथं आयुष्य घातलंय, पण आपण अजून एक महिनाही स्वतःच्या जिवावर काढलेला नाही.

मला सुचलं ते मामांच्या पेपरावरून. ब्राउझरनं पान वाचून दाखवायचं, आपल्या भाषेत. असे आवाज तेव्हाही होते, पण मराठी वाचताना ते कुठंही तोडायचे आणि कुठंही जोडायचे. त्यातल्या त्यात बरा होता तो मोठ्या कंपनीचाच. तो घेतला असता तर पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहणं आलं. म्हणजे आवाज आपला हवा. प्रमुख बाईला हे पटलं. बंगळूरचा एक सहकारी तंत्राची बाजू सांभाळणार होता. आम्ही तिघं आणि आणखी दोघं, एवढाच आमचा गट. अगदी लहानशी वर्गणी ठेवायची असं ठरलं.

आवाजासाठी आधी कुणाचा तरी नमुना पाहिजे होता, त्यावरून यंत्र कुठलंही वाक्य त्याच आवाजात म्हणायला शिकणार होतं. तात्पुरता म्हणून मी माझा दिला. तो सगळ्यांना पसंत पडला, आणि मग दुसरा कुणी शोधायला ना वेळ होता ना पैसे. गच्चीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं आणि माइकसमोर बसले. हजारो वाक्यं वाचायची होती. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. धरणाचं पाणी सोडलं. तिची बहीण परवा येणार होती. गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. शेजारच्या विहिरीवरची मोटर लागली की थांबायचं, मोर ओरडला की पुन्हा वाचायचं. मामा खाली जिन्याशी खाट टाकून बसायचे आणि कुणी आलं की हातानंच परत पाठवायचे. सूनबाई वर काय करते असं एकानं विचारलं, तर म्हणाले, "बोलती." कुणाशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसांत संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. नवऱ्याचा फोन आला की मी नुसती हं, हं करायचे. तो म्हणाला, अगं दिवसभर बोलतेस आणि मला द्यायला शब्द नाही होय? तो हसत म्हणाला होता. मलाही हसू आलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बरोबरच बोलला.

काम उभं राहिलं. पहिल्यांदा मी ते मामांच्या फोनवर घातलं. त्यांनी फोन कानाशी धरून पूर्ण बातमी ऐकली. मग विचारलं, "हे आत्ता तू बोलतीस का आदी बोललीस?" मी म्हटलं, दोन्ही नाही मामा, मी ही बातमी कधी वाचलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पेपर उघडला, तर ते म्हणाले, "राहू दे, तुला कामं असत्यात. मी ऐकतो हिच्यावर."

मला आनंद व्हायला हवा होता. त्यासाठीच तर सगळं केलं होतं. पण त्या दिवसापासून सकाळी अंगणात माझा आवाज बातम्या वाचायचा आणि मी आत भाकरी थापत गप्प असायचे. मामांना गावांच्या नावांवरून आठवणी येत असतीलच. तो आवाज कुणासाठी थांबत नव्हता, म्हणून त्या तशाच राहून जात असाव्यात.

वर्गणीदार हळूहळू वाढत गेले. कमी होते, पण एकदा आलेला माणूस सहसा जात नव्हता. प्रमुख बाई दर आठवड्याला आकडा सांगायची आणि तिचा आवाज चढायचा. एकदा ती म्हणाली, हा पैसा लहान आहे, पण याच्यासाठी आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्या खिडकीत तेव्हा बर्फ वितळून एक झाड दिसायला लागलं होतं.

वर्गणीदारांची पत्रं माझ्याकडं यायची. त्यात एक दौंडचं होतं. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एक बाई, साखरेच्या आजारानं दृष्टी गेलेली, एकट्या राहणाऱ्या. भाचीकडून लिहून घेतलं होतं. आवाज फार चांगला आहे, पण भिगवण गावाचं नाव नीट म्हणत नाही, एवढीच तक्रार. नवऱ्याचं क्वार्टर तिथून जवळच होतं. पुढच्या वेळी दौंडला गेले तेव्हा भाचीला फोन करून मी त्यांना भेटायला गेले.

दारात मी फक्त म्हटलं, "काकू, आत येऊ का?"

"या की. रोज सकाळी तर येता," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं करून माझा हात शोधला आणि कॉटवर शेजारी बसवलं. एक्स्चेंजमध्ये त्या आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलत आल्या होत्या. जोडते, थांबा, लाइन व्यस्त आहे. दौंडच्या स्टेशन मास्तरांपासून सोलापूरच्या कंट्रोलपर्यंत सगळे त्यांना आवाजानं ओळखायचे, आणि बाजारात समोर आले तर कुणी ओळखायचं नाही. हे त्यांनी मजेत सांगितलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला खूपदा काही काही विचारते. तुम्ही पुढची बातमी लावता."

मी म्हटलं, आता आलेय, आता विचारा.

त्या विचार करत राहिल्या. बाहेर गाडीची शिट्टी झाली, एक मालगाडी बराच वेळ जात राहिली. मग त्या हसल्या. "आता काही सुचत नाही बघा. रोजची सवय नाही ना उत्तराची."

चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं की हे असंच चालू राहील ना. मी त्यांना खरं ते सांगितलं, की आम्ही अजून मोठ्या कंपनीच्या पैशावर उभे आहोत, करार झाला नाही तर कठीण आहे, पण आमचा हा तुकडा मात्र स्वतःचं कमवायला लागलाय, त्यामुळं झाला नाही तरी हे टिकावं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. करार झाला तर काय, हा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

करार झाला. सगळ्या कंपनीची एक मोठी मीटिंग बोलावली होती, जगभरातले चेहरे पडद्यावर चौकोनात. मोठी कंपनी पूर्वीपेक्षा जास्त काळासाठी पैसे द्यायला तयार झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या. पत्र्याच्या खोलीत एकट्या माणसाच्या टाळ्या फार विचित्र वाजतात.

दोन आठवड्यांत प्रमुख बाईनं मला एकटीला बोलावलं. ती नेहमीसारखी तयारीनं बोलली नाही. आता कंपनी मुख्य कामावर लक्ष देणार होती. लहान लहान कमाईच्या योजना बंद. आमचा गट बंद, आम्हा पाचांच्या नोकऱ्याही, त्यात तिची स्वतःची. मी विचारलं, करारात तशी अट आहे का? त्यांनी आपल्याला हे बंद करायला लावलं का?

"नाही," ती म्हणाली. "मी शोधलं. ते कुठंतरी सापडावं असं मला वाटत होतं. त्यांना आपलं नावही माहीत नसेल."

ती पुढं म्हणाली की पैसे येणार नाहीत असं वाटत होतं तेव्हा सगळ्यांना आपण हवे होतो. पैसे आल्यावर आपण खर्च झालो. मीटिंग बंद करायची तर बटण कुणीतरी दाबायला हवं, आणि दोघींपैकी कुणीच ते दाबत नव्हतं.

खाली आले तेव्हा मामा अंगणात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ब्राउझरचं फार कळायचं असं नाही, पण ऐकायचे ते लक्ष देऊन.

"म्हंजी त्या मोठ्यांनी बंद करायला लावलं?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. आमच्याच लोकांनी ठरवलं."

"पन पैसं तर आलं म्हन्तीस."

"आले. म्हणूनच."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. "मला न्हाई कळलं हे," ते म्हणाले. मग फोन हातात घेऊन विचारलं, "कवापतुर वाचंल ह्यो?"

महिन्याच्या अखेरीला सर्व्हर, म्हणजे जिथून हा आवाज यायचा तो कंपनीचा संगणक, बंद होणार होता. बंगळूरचा सहकारी आणि मी, दोघांनी मिळून एक शेवटचं काम केलं. आवाज फोनच्याच आत राहील, सर्व्हरची गरज पडणार नाही, अशी सोय केली. आमच्या कंपनीचा सगळा कोड उघडा असायचा, कुणीही घेऊन वापरावा असा, त्यामुळं कुणाची आडकाठी आली नाही. वर्गणीदारांना कळवलं की अमुक तारखेच्या आत हे उतरवून घ्या, पुढं त्यात सुधारणा होणार नाहीत, पण आहे ते तुमच्याकडं राहील. बऱ्याच जणांनी घेतलं. काहींनी घेतलं नाही. त्यांच्याकडं करून देणारं कुणी नसेल. त्यांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. मामांच्या फोनमध्ये मी घातलं. दौंडच्या काकूंकडं स्वतः जाऊन घातलं. भिगवण तेवढं दुरुस्त करून नेलं होतं. त्यांनी तो शब्द तीन-चारदा लावून ऐकला आणि जमलं म्हणाल्या. या वेळी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी गेल्यावर फोनला विचारलं असेल कदाचित.

रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मला नोकरी मिळाली. कुठला ट्रक कुठल्या गेटला उभा आहे हे दाखवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचं. कंपनीची बस येते. आजूबाजूला दिवसभर माणसं असतात, मराठी, हिंदी, सगळं कानावर पडतं, जेवायला चौघी एकत्र बसतो. त्यांच्यात मला बरं वाटतं. पण मी आधी काय करत होते हे कुणी विचारत नाही, आणि मीही आता पार पहिल्यापासून सांगायला बसत नाही. आमचा ब्राउझर अजून चालू आहे. मी तोच वापरते. त्यात काही शोधायला टाईप केलं की ते अजूनही मोठ्या कंपनीकडं जातं. सेटिंग बदलता येतं, मी बदललंय. अशी बदलणारी माणसं किती थोडी असतात हे मला आतून माहीत आहे.

काही महिन्यांनी प्रमुख बाईचा मेल आला. ती अजून घरीच होती, नवीन काम मिळालं नव्हतं. तिनं एक गोष्ट मागितली. तो आवाज तपासायला तिनं वर्षभर रोज माझं मराठी ऐकलं होतं. एक शब्द तिला कळत नव्हता, पण आता घरात तो आवाज नाही तर चुकल्यासारखं वाटतं. यंत्राचा नको, तू स्वतः काहीतरी वाचून पाठवशील का, असं तिनं विचारलं होतं. काय वाचायचं ते तूच ठरव.

रविवारी दुपारी मी गच्चीवरच्या खोलीत गेले. गोधड्या केव्हाच उतरवल्या होत्या. फोन समोर ठेवून पेपर उघडला, दोन ओळी वाचल्या आणि मिटून टाकला. मग नुसती बोलायला लागले. खाली काय दिसतंय ते सांगितलं, कांदा काढणीला आलाय, मामा बांधावर उभे आहेत. नवरा या महिन्यात दोनदाच घरी आला. मुलगी फोन लवकर ठेवते. सकाळी मामांना पेपर वाचून दाखवायला मला फार आवडायचं आणि ते मी स्वतःच्या हातानं घालवलं, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, ते सांगितलं. दौंडच्या काकूंकडं अजून एकदा जायचं मनात आहे पण जात नाही, तेही सांगितलं. तिला यातलं अक्षरही कळणार नव्हतं, म्हणून थांबावंसं वाटलं नाही. ऊन उतरेपर्यंत बोलत होते.

ती फाइल मी पुन्हा ऐकली नाही, तशीच पाठवली. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. लिहिलं होतं, ऐकलं, दोनदा. काय आहे ते विचारत नाही. मधे एका ठिकाणी तू बराच वेळ थांबलीस, तिथं मागं पाखरांचा आवाज आहे, ती कोणती पाखरं?

मी तिला साळुंक्या म्हणून लिहून पाठवलं.